मेच्या पहिल्या रविवारापूर्वीचा आठवडा

पिंपरी, चिंचवड आणि भोसरी या टापूतील कित्येक कारखान्यांचा आठवडा रविवारी संपत नाही. तो गुरुवारी संपतो. विजेचा सारा भार एकाच दिवशी चढू नये आणि एकाच दिवशी उतरू नये, म्हणून निरनिराळ्या औद्योगिक क्षेत्रांना सुट्टीचे निरनिराळे वार नेमून देण्याचा जो शिरस्ता महाराष्ट्रात पडला, त्यात या भागाच्या वाट्यास गुरुवार आला. आणि तेव्हापासून सोयरिकीच्या बोलाचाली, घरभाड्याचे करार, रेशनकार्डावरील नावांची दुरुस्ती आणि मुलांचे दाखले ही सारी कामे इथल्या संसारात गुरुवारच्या पदरी पडत आली आहेत. वैद्यकीय प्रवेशासाठी होणारी राष्ट्रीय पात्रता परीक्षा, जिला घरोघर ‘नीट’ म्हणतात, ती मात्र रविवारी होते, आणि करोनाच्या साथीने विस्कटलेली वर्षे वगळली तर अलीकडे ती मे महिन्याच्या पहिल्याच रविवारी होत आली आहे. त्यामुळे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन म्हणून पाळला जाणारा १ मे या परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात बहुधा येतो. २०२५ साली तर परीक्षा ४ तारखेस आणि १ मे गुरुवारी, असा योग आला होता. ज्या घरात वडील कारखान्यात आहेत आणि मुलगी किंवा मुलगा डॉक्टर होण्याची उमेद बाळगून आहे, त्या घराचे पंचांग आणि परीक्षेचे पंचांग असे एकमेकांस काटकोनात छेदतात, आणि त्या छेदावर उभा असलेला जो शेवटचा आठवडा, त्यात काय साधते आणि काय साधत नाही याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वैद्यकीय महाविद्यालयाचे दार एके काळी इंटर सायन्सच्या गुणांवर उघडत असे, पुढे ते बारावीच्या गुणांवर उघडू लागले, त्यानंतर राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आली, आणि ५ मे २०१३ रोजी साऱ्या देशासाठी एकच परीक्षा प्रथम घेण्यात आली. त्याच वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि एप्रिल २०१६ मध्ये आपला तो निकाल मागे घेतला. यापुढे जे घडले ते शेवटच्या आठवड्याच्या इतिहासात नमूद करून ठेवण्याजोगे आहे. २८ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाचा हुकूम झाला की अवघ्या तीन दिवसांनी, म्हणजे १ मे रोजी, होणारी परीक्षा हीच ‘नीट’चा पहिला टप्पा समजावी आणि दुसरा टप्पा २४ जुलैला घ्यावा, इकडे महाराष्ट्रातील विद्यार्थी ५ मे रोजी होणाऱ्या राज्याच्या परीक्षेसाठी राज्य मंडळाची पुस्तके घोकीत बसले होते. ही परीक्षा वैद्यकीय प्रवेशास चालेल की नाही हे ठाऊक नसताना ते तिला बसले, ९ मे रोजी आपापल्या परीक्षा चालू द्याव्यात ही राज्यांची विनंती न्यायालयाने फेटाळली, आणि २४ मे रोजी राष्ट्रपतींच्या अध्यादेशाने त्या वर्षापुरती राज्यांना सवलत मिळाली. त्या मुलांच्या शेवटच्या आठवड्यात जी उलथापालथ झाली तिच्या मानाने आजच्या विद्यार्थ्याची वाट निदान आखलेली आहे. २०१९ पासून ही परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था घेते. मराठीसह तेरा भाषांतून ती देता येते. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण असे तिचे सुटसुटीत स्वरूप आहे, ज्यात जीवशास्त्राचे ९०, रसायनशास्त्राचे ४५ आणि भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न येतात. परीक्षार्थी वीस लाखांहून अधिक आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वालाखाच्या घरात, हे प्रमाण ध्यानी घेतले म्हणजे शेवटच्या सात दिवसांविषयी एवढी धास्ती का, हे निराळे सांगावे लागत नाही.

या सात दिवसांत बहुतेक मुलांचे मन एकच गोष्ट मागते: सगळे पुन्हा एकदा वाचून काढावे. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके समोर मांडून, पिवळ्या पेनने आधीच रंगवलेल्या ओळी पुन्हा डोळ्यांखालून घालाव्यात, आणि जे कधीच झाले नाही तेही या निमित्ताने उरकून घ्यावे, ही ओढ नैसर्गिक आहे. परंतु स्मृतीविषयी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जे ज्ञान जमा झाले ते या ओढीच्या बाजूने उभे राहत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून आणि ठरावीक काळाने ते पुन्हा पाठ करण्यास किती कमी श्रम पडतात हे मोजून विस्मरणाचा जो आलेख काढला, त्यात एका दिवसानंतर पूर्वीच्या श्रमाची बचत सुमारे एक-तृतीयांश उरते, सहा दिवसांनी ती एक-चतुर्थांशाच्या आसपास येते आणि महिन्याभरानंतरही एक-पंचमांशाच्या थोडी वरच राहते. या आकड्यांकडे लोक सहसा भयचकित होऊन पाहतात, कारण त्यांची दृष्टी पहिल्या दिवसाच्या कोसळण्यावर खिळते; आम्हांस मात्र त्यातील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, की जे पहिल्या पडझडीतून वाचले ते पुढे फार सावकाश झिजते. अर्थपूर्ण मजकूर निरर्थक अक्षरांपेक्षा चांगला टिकतो हे खरे, पण आलेखाचा कल तोच. १८९७ मध्ये आडोल्फ योस्ट याने याच गोष्टीस नियमाचे रूप दिले: दोन आठवणी आज सारख्याच पक्क्या असतील, तर त्यांपैकी जी जुनी ती नव्या आठवणीपेक्षा हळू पुसली जाते. याचा अर्थ असा की नोव्हेंबरात नीट समजून घेतलेले आणि मधूनमधून उजळलेले प्रकरण मेमध्ये एकाएकी नाहीसे होत नाही, आणि शुक्रवारी रात्री प्रथमच हाती घेतलेले प्रकरण रविवारपर्यंत हातात राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. शेवटचा आठवडा हा मिळकत वाढवण्याचा नव्हे, मिळकतीचा बंदोबस्त करण्याचा काळ आहे.

बंदोबस्त कसा करावा याविषयी एक प्रयोग विशेष उद्बोधक आहे, आणि योगायोग असा की त्यातील मुदतही नेमकी एका आठवड्याचीच आहे. अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सूर्याविषयी आणि समुद्री पाणमांजरांविषयी छोटे उतारे देण्यात आले. काहींनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढे कागदावर उतरवले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के मजकूर आठवला आणि दुसऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडे फिरले: पुनर्वाचन करणाऱ्यांजवळ ४२ टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६ टक्के. पुन्हा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, डोळा न अडखळता पुढे सरकतो, आणि या सुलभतेलाच आपण ज्ञान समजतो. उलट, मिटलेल्या पुस्तकापुढे बसून आठवू लागले की दर चार वाक्यांना ठेच लागते आणि आपला अभ्यास झालेलाच नाही असे वाटून जीव कासावीस होतो. ज्या रीतीत जीव कासावीस होतो तीच टिकाऊ असावी, हा या शास्त्राचा काहीसा निष्ठुर विनोद आहे.

या प्रयोगातून एवढाच बोध घेतला जातो की वाचू नये, चाचण्या द्याव्यात. पण त्यातील पाच मिनिटांचा आकडाही तितकाच खरा आहे, आणि तो विसरल्याने पुष्कळ विद्यार्थी शेवटच्या संध्याकाळी नाहक सरावपत्रिकांशी झुंजतात. अंतर लांब असेल तर आठवणे श्रेयस्कर, अंतर अगदी थोडे असेल तर वाचणे पुरते, असा तो दुहेरी निष्कर्ष आहे. म्हणून आठवड्याची मांडणीही त्याच धोरणाने व्हावी. रविवारपासून बुधवार-गुरुवारपर्यंत पुस्तक बहुतांशी मिटलेले असावे आणि प्रश्नपत्रिका उघडी. शुक्रवारपासून पत्रिका बाजूस पडाव्यात. आणि शनिवारी संध्याकाळी, व वाटल्यास रविवारी सकाळी, ज्या गोष्टी केवळ स्मरणावर अवलंबून आहेत, ज्यांच्यामागे तर्काचा आधार नाही, अशांचे एक हलके वाचन व्हावे. वनस्पतींच्या कुळांची पुष्पसूत्रे, संप्रेरकांची उगमस्थाने, असेंद्रिय रसायनातील अपवाद, किंवा शरीरक्रियाशास्त्रातील ठरीव आकडे, जसे की हृदयाच्या एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते, तांबड्या पेशीचे आयुष्य १२० दिवस असते, मूत्रपिंडात दर मिनिटास १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो, हा माल शनिवारचा. त्यातही जिथे दोन आकड्यांत नाते आहे तिथे ते नाते धरावे; मिनिटास १२५ मिलिलिटर म्हणजे दिवसास १८० लिटर हा गुणाकार एकदा हाताने केला की दोन गोष्टी पाठ करण्याऐवजी एकच पुरते.

नात्यांचाच विषय निघाला म्हणून सांगावेसे वाटते. बारावीच्या जीवशास्त्रात मानवाच्या कल्याणातील सूक्ष्मजीवांचे प्रकरण आहे. त्यात फ्लेमिंगची बुरशी, चेन आणि फ्लोरी यांनी पेनिसिलिनला दिलेले औषधाचे स्वरूप आणि तिघांना मिळून लाभलेले १९४५ चे नोबेल पारितोषिक हा मजकूर येतो. हे प्रकरण पिंपरीतील मुलगी लातूरच्या किंवा कोट्याच्या मुलीसारखेच घोकते, आणि तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा आहे हे तिच्या ध्यानी येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली स्थापन झालेला, सरकारी मालकीचा, देशाला पेनिसिलिन पुरवण्यासाठी काढलेला हा कारखाना पिंपरीच्या औद्योगिक वाढीच्या अगदी आरंभीचा आहे. तेथील संशोधक थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी बुरशीजन्य रोगांवरील जे प्रतिजैविक शोधले, त्याला कारखान्याच्या नावावरूनच ‘हॅमायसिन’ म्हणतात. परीक्षेत हॅमायसिनवर प्रश्न येणार नाही. पण ज्या मुलीच्या मनात ते प्रकरण एका ओळखीच्या फाटकाशी, बसथांब्याशी आणि आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या ‘एचए कॉलनी’शी जोडले गेले, तिला त्यातील नावे निराळी पाठ करावी लागत नाहीत, मेंदू एकाकी वस्तू सांभाळण्यात कुचराई करतो, गोतावळ्यातील वस्तू मात्र जपतो.

भौतिकशास्त्राची गोष्ट निराळी. तेथे पाठांतर थोडे आणि कोणते सूत्र कोठे लावायचे हा निवाडा फार. रोरर आणि टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना घनाकृतींचे घनफळ काढण्याची उदाहरणे दिली; एका गटाने एका प्रकारची सर्व उदाहरणे संपवून दुसरा प्रकार घेतला, दुसऱ्याने सर्व प्रकार मिसळून सोडवले. सरावाच्या वेळी पहिला गट ८९ टक्के बरोबर होता आणि दुसरा अवघा ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिला २० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६३ वर राहिला. प्रश्नपत्रिकेवर कोणी ‘हे घूर्णनगतीचे उदाहरण’ असे लिहून देत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात एकाच प्रकरणाची पन्नास उदाहरणे ओळीने सोडवणे हे समाधान देणारे पण फसवे काम होय. मागील वर्षांच्या पत्रिका यासाठी उत्तम. मात्र २०२१ ते २०२४ या पत्रिकांत २०० प्रश्नांपैकी १८० सोडवण्याची मुभा होती आणि त्यांतील बहुतेक वर्षी २०० मिनिटे मिळत, ती आता नाहीत, हे घड्याळ लावताना विसरू नये.

घड्याळाचा उल्लेख आला, आणि या विषयात आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित प्रकरण तेच आहे. ही परीक्षा दुपारी दोन ते पाच या वेळात होते. मनुष्याच्या शरीरात दिवस-रात्रीच्या चक्राशी जुळलेले एक अंतर्गत घड्याळ असते, ज्याची पेशींतील यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. आणि या घड्याळाचा एक गुणधर्म असा की मध्यान्हानंतर, साधारण एक ते चारच्या दरम्यान, जेवण झालेले असो वा नसो, सावधतेला ओहोटी लागते. त्यात मे महिन्याचे ऊन. म्हणजे परीक्षेची वेळ ही शरीराच्या दृष्टीने दिवसातील नेमकी मंद घटका. आणि ‘रिपीट’ करणाऱ्या मुलाचा वर्षभराचा क्रम पाहावा तर अभ्यास रात्री दहा ते तीन, झोप सकाळी दहापर्यंत, आणि दुपारी दोन वाजता, म्हणजे ज्या वेळी त्याचा मेंदू परीक्षा देणार आहे त्याच वेळी, हातात मोबाईल घेऊन लोळणे. कारखान्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आठवडाभर रातपाळी केलेल्या कामगारास एकाएकी सेकंड शिफ्टला उभे केले तर पहिले दोन-तीन दिवस त्याचा हात यंत्रावर असतो आणि डोळे कोठे तरी असतात, हे चाकणच्या कोणत्याही असेंब्ली लाईनवरील सुपरवायझर सांगेल. पोरगा घरात बसून नेमके हेच करतो, फक्त त्याला पाळीबदलाची नोटीस मिळालेली नसते.

हे घड्याळ हट्टी असले तरी आडमुठे नाही. झोपेची वेळ दिवसाला सुमारे एका तासाने मागे-पुढे सरकवता येते, असे दूरच्या विमानप्रवासाच्या अनुभवावरून मानले जाते. तीन वाजता झोपणाऱ्याला अकरा वाजता झोपण्याची सवय लावायची तर चार-पाच दिवस हवेत, आणि ते या आठवड्यात मिळतात. पण सोमवारी आरंभ केला तरच, शनिवारी केला तर मुळीच नाही. शनिवारी आठ वाजता अंथरुणावर पडून छताकडे पाहत राहणाऱ्या मुलांची संख्या महाराष्ट्रात फार मोठी असावी असा आमचा कयास आहे. झोपेचा दुसरा लाभ स्मृतीचा. कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या जुन्या प्रयोगात असे आढळले की पाठ केल्यानंतर काही तास झोपले तर जितके आठवते, त्याच्या कितीतरी कमी तेवढेच तास जागे राहिल्यावर आठवते. पुढील संशोधनाने या निष्कर्षात बारकावे भरले, तो खोडला नाही. म्हणून सोमवारपासून दररोज, किंवा एक दिवसाआड, दुपारी ठीक दोन वाजता बसून पाचपर्यंत अखंड एक पत्रिका सोडवावी, आणि जेवणही त्या दिवसासारखेच घ्यावे. कारण केंद्रावर प्रवेश अकराच्या सुमारास सुरू होतो आणि दीड वाजता फाटक बंद होते, तेव्हा दुपारचे वाढलेले ताट त्या दिवशी नशिबात नसते. सकाळी साडेनऊ-दहाला पोटभर पण बेताचे खाऊन पाचपर्यंत पाण्याच्या पारदर्शक बाटलीवर निभावण्याचा सराव हाही अभ्यासच होय. गुरुवारी महावितरण दुरुस्तीसाठी या भागात वीज बंद करते. तो दिवस पंख्याविना पेपर सोडवण्यास उपलब्ध आहे, असे म्हटले तर घरातील मंडळी आमच्यावर रागावतील, पण केंद्रावरचा पंखा नेमका आपल्या डोक्यावर असेल असे तरी कोणी लिहून दिले आहे?

आता अंदाजाने उत्तर देण्याविषयी. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा, कोऱ्या प्रश्नास शून्य, असा नियम आहे, आणि या वजाबाकीच्या धाकाने ‘माहीत नसेल तर गोल रंगवूच नकोस’ हा उपदेश क्लासपासून घरापर्यंत दुमदुमत असतो. अंकगणित काय म्हणते ते पाहू. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर चार प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येईल, म्हणजे चार गुण मिळतील, आणि तीन चुकतील, म्हणजे तीन गुण जातील. चार प्रश्नांमागे एक गुण उरतो. एक पर्याय खात्रीने चुकीचा म्हणून काढून टाकता आला तर दर तीन प्रश्नांमागे दोन गुण उरतात, आणि दोन पर्याय काढता आले तर दर दोन प्रश्नांमागे तीन गुण. म्हणजे वजा गुणांचा धाक दाखवला जातो तेवढा तो खरा नाही. निव्वळ अंधारात मारलेली उडीही सरासरीने तोट्याची नाही, फक्त तिच्यातील नफा इतका थोडा आणि नशिबाची चढउतार इतकी मोठी की तिच्यासाठी वेळ घालवू नये. जिथे एक तरी पर्याय कापता येतो तिथे मात्र प्रश्न कोरा सोडणे हा भित्रेपणा आहे. एक अपवाद ध्यानात ठेवावा: दोघांचे गुण समान आल्यास प्रथम जीवशास्त्र, मग रसायन, मग भौतिकशास्त्र यांतील गुण पाहतात, आणि त्यानेही निकाल न लागल्यास ज्याच्या उत्तरांत चुकांचे प्रमाण कमी तो वर. खरी हानी करतात ते अंदाज नव्हेत, तर ज्या प्रश्नांत आपणांस पक्की खात्री होती आणि तरीही चुकले ते. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य’ यातला ‘अ’ न वाचल्याने गेलेले पाच गुण, चार न मिळालेले आणि एक वजा झालेला, हे कोणत्याही सूत्राच्या विस्मरणापेक्षा महाग पडतात. म्हणून सरावपत्रिका तपासताना काय आले नाही यापेक्षा येत असून काय चुकले याची निराळी वही ठेवावी, आणि ती वहीच शुक्रवारी वाचावी.

उत्तरपत्रिका गोल रंगवण्याची. एका गोलास तीन-चार सेकंद धरले तरी १८० गोलांस नऊ ते बारा मिनिटे लागतात, एकदा रंगवलेला गोल खोडता येत नाही, आणि एक ओळ चुकली तर पुढची सारी रांग घसरते. तरीही घरच्या सरावात मुले उत्तरे वहीत क, ड, अ अशी लिहून मोकळी होतात. मनगटी घड्याळ केंद्रावर चालत नाही, तेव्हा सरावातही ते काढून ठेवावे. ज्यांनी अर्जात मराठी माध्यम निवडले आहे त्यांना मराठी आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांतील मजकूर मिळतो, आणि भाषांतराविषयी संदिग्धता असेल तर इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो; एखादा मराठी प्रश्न कोड्यात टाकू लागला की शेजारचा इंग्रजी मजकूर वाचण्याची सवय या आठवड्यात लावून घेतली पाहिजे.

हॉल तिकीट साधारणतः परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी हाती येते. त्यावर केंद्राचे नाव दिसले की घरात नकाशे उघडतात. चाकणला रेल्वे नाही. तेथून निघणाऱ्याला तळेगाव चौक, मोशी, भोसरी आणि नाशिक फाटा हा क्रम पार करावाच लागतो, आणि तो किती वेळात पार होईल हे सांगण्यास ज्योतिषीही धजणार नाही. पिंपरीपर्यंत पोचले की पुढे मेट्रो आहे, जी सप्टेंबर २०२४ पासून थेट स्वारगेटपर्यंत जाते. आकुर्डी-चिंचवडकरांना लोणावळा लोकलही आहे. केंद्र आधी पाहून यावे हा सल्ला सर्वच देतात, आणि वडिलांना सुट्टी म्हणून तो गुरुवारीच अमलात येतो. येथे एक मेख आहे. गुरुवारी एमआयडीसीतील रस्ते ओस असतात. बस, टेम्पो, कंपन्यांच्या गाड्या सारे थंड. त्या मोकळ्या रस्त्यावरून चाळीस मिनिटांत पोचलेला बाप रविवारचाही तोच हिशेब धरतो, आणि रविवारी भोसरीचे कारखाने चालू असतात. गुरुवारच्या वेळेत निदान अर्ध्या-पाऊण तासाची भर घालावी आणि प्रवेशाच्या अगदी आरंभीच्या वेळेला फाटकाशी हजर असावे. रविवारची रजा मात्र आधीच मागून ठेवावी. सुपरवायझरला शनिवारी संध्याकाळी फोन करण्याची वेळ येऊ देऊ नये.

त्या दिवशीच्या सरंजामात हॉल तिकीट, त्यावर चिकटवायची छायाचित्रे, मूळ ओळखपत्र, अर्ध्या बाह्यांचा साधा पोशाख आणि बुटांऐवजी चपला, एवढे शनिवारी दुपारीच एका पिशवीत जावे. पेन केंद्रावर मिळते.

घरातील आणि शेजारची माणसे हा एक स्वतंत्र विषय होईल. दोन खोल्यांच्या घरात वडील रातपाळी करून दिवसा झोपलेले, धाकटा भाऊ सुट्टीमुळे मोकाट, आणि जिन्यात भेटणाऱ्या काकूंचा ‘परवा पेपर ना गं? किती येतील?’ हा मायेने विचारलेला प्रश्न, यांतून निसटण्यासाठी पुष्कळ मुले अभ्यासिकेची खुर्ची धरतात. तिथे शांतता मिळते, पण दुसऱ्याने किती पत्रिका सोडवल्या हेही तिथेच कळते. या दिवसांत मोबाईलवर ‘पेपर मिळेल’ असे निरोपही फिरतात. २०२४ च्या परीक्षेतील पेपरफुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यापासून अशा निरोपांवर विश्वास ठेवणारे वाढले आहेत, आणि ठकसेनांना ते ठाऊक आहे. सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्रीय कायदा जून २०२४ पासून अमलात आहे, तेव्हा असल्या भानगडीत पैसे तर जातातच, वर कायद्याच्या कचाट्यात सापडण्याचा धोकाही असतो. जेवण सुटले, झोप सुटली, मूल बोलेनासे झाले, तर ते परीक्षेचे नेहमीचे दडपण म्हणून सोडून देऊ नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तिच्याशी मराठीत बोलता येते.

वडिलांना या आठवड्यात एकच प्रश्न छळत असतो, तो म्हणजे आपण काय करावे. त्यांनी मुलीच्या खोलीत दर तासाला डोकावू नये, कागदपत्रांच्या मागे लागावे. परीक्षेनंतर निकाल, मग राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेशप्रक्रिया, आणि तिथे अधिवास, उत्पन्न, जात, जात वैधता, नॉन-क्रीमिलेयर यांपैकी लागू असतील ते दाखले मागितले जातात. बारावीचा निकाल लागला की हेच दाखले मागणाऱ्यांची झुंबड उडते आणि मुदत संपत आलेली असते. चाकणकरांचे तहसील राजगुरुनगरला. पण या पट्ट्यातील कामगारांपैकी फार मोठा भाग बीड, लातूर, धाराशिव, बुलढाणा, सोलापूर या जिल्ह्यांतून येऊन स्थायिक झालेला, आणि जातीचा दाखला हा आज राहत्या ठिकाणच्या नव्हे तर मूळ गावच्या कचेरीतून निघतो. त्यासाठी आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा महसुली नोंद शोधावी लागते, तालुक्याच्या दप्तरात ती मोडीत लिहिलेली सापडली तर लिप्यंतर करून घ्यावे लागते, आणि वैधतेचा प्रस्ताव त्या जिल्ह्याच्या समितीकडे जातो. एका गुरुवारात हे होत नाही; गावी जाणारी एसटी बुधवारी रात्री पकडावी लागते, आणि गुरुवारला जोडून शुक्रवारची रजा टाकावी लागते. तो गुरुवार १ मेचा असेल तर सरकारी कचेरीही बंद, तेव्हा फेरी आदल्या आठवड्यातच आटोपावी.